आमची बाजू कुठे मांडायची?

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. वाहतूक मंत्री, गोवा राज्य,
मा. परिवहन मंत्री, कर्नाटक राज्य,

यांस,

हे पत्र तुम्हा तिघांना एकत्र लिहितो आहे. तुमच्यापैकी कुणा एकाकडे तक्रार नेली की ती दुसऱ्याच्या हद्दीतली निघते आणि तिथेच थांबते, असा आमच्या भागाचा अनुभव आहे.

सावंतवाडी तालुक्यात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. इथून बांद्यामार्गे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो, आणि आंबोलीचा घाट चढून चंदगडवरून पुढे गेलं की बेळगाव. माझ्याकडे शिकलेली मुलं परवाना हातात पडल्यापासून महिन्याभरात परराज्यात गाडी चालवू लागतात, आणि आपण परराज्यात आलो असं त्यांना वाटतही नाही. कुणाची नोकरी म्हापशाला, कुणाची पेडण्याला. २०२३च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकडे भाडी मारणारेही वाढले. घरात कुणी अत्यवस्थ झालं की पहिलं नाव बांबोळीच्या गोमेकॉ रुग्णालयाचं निघतं. बेळगावची भाजी आमच्या बाजारात रोज उतरते, आमची माणसं लग्नाच्या खरेदीला बेळगावला जातात, मुली दिल्या-घेतल्या जातात. माणसांच्या येण्याजाण्याला इथे हद्द नाही. ती फक्त नाक्यावर आणि चलानावर दिसते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दंड कमी करा, अशी मागणी या पत्रात कुठेही नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले. केंद्र सरकारच्या अहवालातले हे आकडे मी प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दाखवतो. गाडी शिकवणाऱ्याला दंडाचं वावडं नसतं. दंड बसलाच पाहिजे, आणि ज्याने चूक केली त्यालाच बसला पाहिजे. माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या अर्ध्या वाक्याबद्दल आहे.

कायदा एकच आहे, १९८८चा मोटार वाहन कायदा. मोटार वाहनं हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, पोलीस राज्याच्या सूचीत. म्हणून कायदा दिल्लीचा, तडजोडीचे, म्हणजे खटला न लढवता भरायच्या दंडाचे, दर राज्याचे, पोलीस राज्याचे आणि न्यायालय जिथे गुन्हा घडला तिथलं, अशी रचना झाली. मुंबईत राहणाऱ्याला तिच्यातले सांधे क्वचितच जाणवत असतील. आम्हाला ते आठवड्याला जाणवतात.

दरांचंच बघा. संसदेने २०१९ साली कायदा दुरुस्त केला आणि वाढीव दंड १ सप्टेंबर २०१९पासून लागू झाले. हेल्मेटसाठी कलम १९४ड खाली १,००० रुपये आणि ३ महिने परवाना अपात्र. महिना उलटायच्या आत गुजरातने दर खाली आणले, पाठोपाठ कर्नाटकाने आणले. महाराष्ट्राने अंमलबजावणीच थांबवली आणि नवे दर डिसेंबर २०२१मध्ये लागू केले. गोव्याने एप्रिल २०२२पासून. तडजोडीची रक्कम ठरवायचा अधिकार राज्यांना कलम २०० देतं हे खरं. पण कायद्यातल्या किमान दंडाच्या खाली जाता येणार नाही, असं केंद्राने जानेवारी २०२०मध्ये ॲटर्नी जनरलांच्या अभिप्रायाचा आधार घेऊन राज्यांना कळवलं होतं. त्यानंतरही प्रत्येकाने आपापलं चालू ठेवलं. त्यामुळे बांद्यात हेल्मेटशिवाय सापडलं तर ५०० रुपये, निपाणीत सापडलं तर ५०० आणि पत्रादेवीच्या पलीकडे १,०००. परवाना कुठे अपात्र होतो, कुठे होत नाही. वर्गात एखादा विचारतो, “सर, यातला खरा दंड कुठला?” तेव्हा मी पुस्तकातला सांगतो, आणि तो खरा नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं.

तरी ५०० रुपयांच्या फरकाने कुणाचं घर बसत नाही. यापेक्षा मोठी दुखणी आहेत.

नंबरप्लेट बघून गाडी अडवणं हे त्यातलं पहिलं. गोव्यात एमएच पासिंग दिसली की शिट्टी वाजते, बेळगावकडे तेच होतं, आणि केए किंवा जीए पासिंगच्या गाड्यांना महाराष्ट्रातही हाच अनुभव येतो. मी हे एका राज्याच्या माथी मारत नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या आजींना रात्री दवाखान्यात नेत होतो. सीमेपलीकडच्या एका नाक्यावर टॉर्चचा झोत आधी नंबरप्लेटवर पडला, मग माझ्या तोंडावर. आजी मागच्या सीटवर सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून होत्या. मी मोबाइलवर डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी दाखवली. “ओरिजिनल दाखवा.” केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३९वा नियम इलेक्ट्रॉनिक कागद चालतो म्हणतो, तो मी तोंडपाठ सांगू शकत होतो आणि सांगितलाही. मग इन्शुरन्स, पीयूसी, फर्स्ट एड बॉक्स, डिकी. एकही कमी निघालं नाही आणि आम्हाला सोडलं. तेवढ्या वेळात त्याच नाक्यावरून तिथल्या पासिंगच्या दुचाक्या गेल्या. एकीवर तिघं होते, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नव्हतं. त्यांच्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही.

हे का होतं यावर मी बराच विचार केला आहे, नाक्यावरच्या माणसांशी बोललोही आहे. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यालाही कारण आहे. परराज्यातली गाडी एकदा हद्दीबाहेर गेली की तिच्यावरचं चलान वसूल होईल याची त्यांना खात्री नसते. कळंगुटला किंवा हणजुणेला बेफाम गाडी हाकणारा पर्यटक घरी परततो, चलानाचा एसएमएस पुसून टाकतो आणि त्याचं काहीही बिघडत नाही. तिथल्या गावकऱ्यांचा संताप मला पूर्ण पटतो. आपल्या मुलाबाळांच्या अंगावरून गाड्या घालणाऱ्यांना शिक्षा होत नाही हे त्यांनी का सोसावं? वसुलीचा भरवसा नाही, म्हणून पोलीस जाग्यावर पकडतो. जाग्यावर पकडायचं तर पासिंग बघूनच पकडणं सोपं. आणि जिथे जाग्यावर पैसे घ्यायचे असतात तिथे तोडपाणीलाही वाव राहतो. यात बेफाम पर्यटक निसटतो आणि नाका चुकवता न येणारा सापडतो, म्हणजे रोजचा कामगार, भाजीचा टेम्पो, रुग्ण नेणारा शेजारी.

याच्या मुळाशी तुम्हा तिघांचा एकमेकांच्या यंत्रणेवर नसलेला विश्वास आहे. एका राज्याचं चलान दुसऱ्या राज्यात वजनदार ठरत नाही, आणि एका राज्याच्या नागरिकाची बाजू दुसऱ्या राज्यात ऐकली जात नाही. पहिल्या गोष्टीबद्दल तुमच्या बैठकांत बोललं जात असेल. दुसरीबद्दल कुणी बोलतं असं मला दिसत नाही, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

दोडामार्ग तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी स्वतःच्या पिकअपमधून काजू-नारळ वाहतो. एके दिवशी त्याला चलानाचा एसएमएस आला. आम्ही माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते उघडलं. इथून पाचेकशे किलोमीटरवरच्या एका मोठ्या शहरातलं ठिकाण, वेळ सकाळची, गुन्हा हेल्मेट न घालण्याचा. फोटो होता एका स्कूटरच्या पाठीचा. नंबरप्लेट एका कोपऱ्यात वाकलेली, शेवटच्या चारपैकी एक आकडा १ आहे की ७, हे मोठं करून पाहिलं तरी ठरत नव्हतं. लिहिणाऱ्याने १ ठरवला आणि चलान पिकअपच्या मालकाला गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “सर, पिकअपात हेल्मेट कोण घालता?”

ॲपवर तक्रारीची सोय होती, ती आम्ही वापरली. आरसीचा फोटो जोडला, गाडीचा समोरून आणि मागून फोटो जोडला, ‘हे वाहन चारचाकी आहे’ असं स्पष्ट लिहिलं. काही दिवसांनी उत्तर आलं: तक्रार फेटाळली. कारण नाही, कुणी फेटाळली त्याचं नाव-हुद्दा नाही, पुढे कुठे दाद मागायची तेही नाही. फोटो आणि आरसी शेजारी ठेवून कुणी एकदा जरी पाहिलं असतं तरी हे उत्तर गेलं नसतं, म्हणजे ते कुणी पाहिलेलंच नव्हतं.

पुढची पायरी न्यायालयाची. वाहतुकीच्या खटल्यांसाठी आभासी न्यायालयं आली आहेत. महाराष्ट्रात २०२०च्या ऑक्टोबरअखेर काटोलला सुरुवात झाली, दिल्लीत त्याच्या आधीच. तिथे दोन पर्याय असतात, दंड भरा किंवा खटला लढवा. दंड भरायचा तर घरबसल्या दोन मिनिटांत भरता येतो. लढवायचा म्हटलं की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं, कारण गुन्हा जिथे घडला तिथेच तो चालवावा हे फौजदारी प्रक्रियेचं जुनं तत्त्व आहे. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९७मध्ये आहे. तत्त्व चुकीचं नाही. साक्षीदार तिथे असतात, जागा तिथे असते. पण इथे साक्षीदार म्हणजे एक फोटो, आणि तो फोटो माझ्या ऑफिसातही दिसतो. आरोपी मात्र त्या शहरात कधी गेलेलाच नाही, आणि ‘मी इथे आलोच नव्हतो’ हे सांगायला त्याला तिथे जायला हवं.

त्याने हिशेब घातला. जाण्यायेण्याचं भाडं, एका रात्रीचा मुक्काम, वकील नको म्हटलं तरी बुडालेली दोन दिवसांची भाडी. दंड ५०० रुपये. “भरून टाकतंय सर, कोण जाता थंय,” असं म्हणून त्याने भरले. कागदावर ती कबुली झाली. कधी न पाहिलेल्या शहरात, कधी न चालवलेल्या स्कूटरवर, त्याने हेल्मेट घातलं नव्हतं. तो बारावीपर्यंत शिकलेला, हिशेबी, सरळ मुलगा आहे. त्या दिवसानंतर मी वर्गात नियमांबद्दल काही सांगत असलो आणि तो कामानिमित्त आला असला तर बाहेर व्हरांड्यात थांबतो, आत येत नाही.

हे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात झालं. ‘एक राज्य, एक ई-चलान’ असलेल्या राज्यात. मग बंगळुरूच्या किंवा पणजीच्या चलानाला आमच्या माणसाने उत्तर द्यायचं तर काय होत असेल याची कल्पना करा. उलट बाजूने डिचोलीच्या किंवा खानापूरच्या माणसाला पुण्याचं चुकीचं चलान आलं तर त्याचंही हेच.

नियम मात्र कागदावर चांगले आहेत. २०१९च्या दुरुस्तीने कलम १३६अ आणलं, आणि ऑगस्ट २०२१मध्ये केंद्रीय नियमांत १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत गेली पाहिजे. फोटोत गुन्हाही दिसला पाहिजे आणि नंबरप्लेटही. तारीख, वेळ, ठिकाण, यंत्राचं मोजमाप, कायद्याचं कलम हे सगळं हवं. यंत्राला प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. इथे कॅमेरा आहे असा फलक ठळक लावलेला हवा. या नियमातल्या, कॅमेरे बसवायच्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत. जुलै २०२४पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली, आणि लेन सोडणाऱ्या अवजड गाड्यांना तिथे आळा बसावा असं मलाही मनापासून वाटतं. पण नोटीस १५ दिवसांच्या नंतर आली तर काय? नंबरप्लेट धूसर असेल तर काय? चलान आपोआप रद्द होतं का? चालकाच्या हातात त्याचं उत्तर कुणी देत नाही. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असं परिपत्रक महाराष्ट्रात २०२५च्या जुलैत काढावं लागलं, त्याच सुमारास वाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप केला. परिपत्रक निघालं हे चांगलं झालं. तोवर खासगी मोबाइलवरून झालेल्या चलानांचं पुढे काय करायचं, हेही त्याच वेळी सांगायला हवं होतं.

हा प्रश्न फक्त आपला नाही, आणि सुटणारच नाही असाही नाही. युरोपीय संघातल्या देशांच्या पोलीस यंत्रणा वेगळ्या, न्यायालयं वेगळी, भाषा वेगळ्या. तरी तिथे २०१५चा एक निर्देश आहे: वेग, सीटबेल्ट, सिग्नल, दारू, अमली पदार्थ, हेल्मेट, बंदी असलेली लेन आणि मोबाइल, या आठ गुन्ह्यांसाठी एका देशाने दुसऱ्या देशातल्या वाहनमालकाची माहिती मागायची आणि पत्र पाठवायचं. ते पत्र गाडीच्या नोंदणीच्या कागदावर जी भाषा असेल त्या भाषेत लिहायचं. फ्रान्समध्ये वेग ओलांडलेल्या जर्मन माणसाला पत्र जर्मनमध्ये मिळावं, त्यात कोणता गुन्हा, कधी, कुठे, कुठल्या यंत्राने टिपला आणि दाद कशी मागायची, हे सगळं असावं, अशी ती व्यवस्था. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा वाहतूक कायदाच वेगळा. पण बहुतेक राज्यांनी आपसांत करार केले आहेत. एका करारानुसार परराज्यात सिद्ध झालेला गुन्हा चालकाच्या घरच्या राज्याला कळवला जातो आणि त्याच्या नोंदीत जातो. दुसऱ्यानुसार परराज्यातल्या चालकाला जाग्यावर अनामत भरायला न लावता तिथल्या रहिवाशासारखं वागवतात आणि तिकीट देऊन पुढे जाऊ देतात. त्याने दुर्लक्ष केलं तर घरचं राज्य त्याचा परवाना निलंबित करतं. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला पेनसिल्व्हेनियात तिकीट मिळालं तर ते टाळता येत नाही हे त्याला ठाऊक असतं. आपल्याकडे कायदा एक, परवान्यांची आणि वाहनांची राष्ट्रीय नोंद एक, भाषाही सीमेवर दोन्ही बाजूंना पुष्कळदा एकच. तरी आपल्याला हे जमू नये याचं समाधानकारक कारण मला सापडत नाही.

सवलतीच्या मोहिमांबद्दलही बोलायला हवं. तेलंगणाने मार्च २०२२मध्ये दुचाकींच्या थकीत दंडावर ७५ टक्के सूट दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३मध्ये निम्म्या दंडात प्रकरणं मिटवली, आणि २०२५मध्ये पुन्हा तेच केलं. महाराष्ट्रात लोकअदालतीचे एसएमएस येतात. लोकअदालत ही चांगली संस्था आहे, पण तिथे तडजोड होते. ‘मी हे केलंच नाही’ म्हणणाऱ्याला तडजोडीचा काय उपयोग? निम्मा गुन्हा कबूल करायचा का? आणि ज्याने वेळेवर पूर्ण दंड भरला त्याने काय समजायचं? माझे विद्यार्थी यातून एकच गोष्ट शिकले आहेत. चलान आलं तर भरायचं नाही, थांबायचं, सूट येतेच. ही सवय त्यांना सरकारनेच लावली.

चालक कोण आणि मालक कोण हा प्रश्न मी इथे थोडक्यात घेतो, कारण तो वकिलांचा आहे. कॅमेऱ्याला गाडी दिसते, हातातलं स्टीअरिंग कुणाचं ते पुष्कळदा दिसत नाही. कायद्याच्या कलम १३३ खाली चालकाची माहिती द्यायला मालक बांधील आहे. मग ‘गाडी मी चालवत नव्हतो, हा चालक होता’ असं सांगायचा सोपा, साधा मार्ग प्रत्येक चलानाच्या पानावर का नसावा? तो असता तर गुन्हा खऱ्या माणसाच्या नावे लागला असता. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर याला फार महत्त्व आहे. कलम १९९अ खाली पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. ती गाडी कर्नाटकातल्या तात्पुरत्या नोंदणीवर आली होती आणि महाराष्ट्रातली कायमची नोंदणी फीअभावी अडली होती. अशी गाडी दोन राज्यांच्या मधल्या फटीत रस्त्यावर धावत राहते आणि ती कुणाच्याच डोळ्यावर येत नाही. आमच्या भाजीच्या टेम्पोला मात्र रोज डिकी उघडून दाखवावी लागते.

आता काय हवं ते सांगतो.

सगळ्यात आधी, बाजू मांडायची सोय राहत्या तालुक्यात हवी. त्यासाठी कायदा बदलायला नको. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३० खटले आणि सुनावण्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायला परवानगी देतं. पणजीच्या न्यायालयाने सुनावणी ठेवावी आणि आमच्या माणसाने सावंतवाडीच्या न्यायालयातल्या पडद्यावरून उत्तर द्यावं. खानापूरच्या माणसाने खानापुरातून पुण्याला द्यावं. तुम्ही तिघांनी आपापल्या उच्च न्यायालयांना, म्हणजे मुंबईला आणि बंगळुरूला, एकत्र विनंती केली तर हे अवघड जाऊ नये. महाराष्ट्र आणि गोवा तर एकाच मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. सुरुवात तिथूनच करता येईल.

तक्रार फेटाळली तर का फेटाळली ते एका ओळीत लिहा, आणि फेटाळणाऱ्याचा हुद्दा लिहा. वाहनाचा प्रकारच जुळत नसेल, म्हणजे स्कूटरच्या फोटोवर पिकअपला चलान झालं असेल, तर ते यंत्रणेनेच परत पाठवावं. वाहनाची नोंद तिच्याकडेच असते. नोटीस १५ दिवसांत निघाली नाही तर ते चलान बाद, हे स्पष्ट शब्दांत जाहीर करा.

चलान आणि नोटीस मालकाच्या राज्याच्या भाषेत पाठवा. महाराष्ट्रातल्याला मराठीत, गोव्यातल्याला कोकणी-मराठीत, कर्नाटकातल्याला कन्नडमध्ये. सीमेवरच्या नाक्यांवर वेगमर्यादा आणि दंडाचे दर या भाषांत फलकावर लावा.

नाक्यावर अडवलेल्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवा. पासिंग कुठली, का अडवली, किती वेळ, काय निघालं. दर तीन महिन्यांनी ती प्रसिद्ध करा. नंबरप्लेट बघून कुणी अडवत नसेल तर ते या आकड्यांतून दिसेल आणि माझी तक्रार आपोआप खोटी ठरेल. पोलिसांच्या स्वतःच्या गाड्यांचाही यात समावेश असू द्या. अंमलबजावणी करणाऱ्यानेच गुन्हा केला तर दंड दुप्पट, असं कलम २१०ब सांगतं. मी ते वर्गात वाचून दाखवतो तेव्हा मुलं विश्वास ठेवत नाहीत.

दुसऱ्या राज्याचं चलान, सुनावणी होऊन कायम झालेलं, आपल्या राज्यातही वसूल करा. बेफाम पर्यटकाचं चलान गोव्याने सिद्ध केलं तर ते फेडल्याशिवाय त्याच्या गाडीचे पुढचे व्यवहार पुण्यातल्या आरटीओत अडले पाहिजेत. पण क्रम लक्षात ठेवा. आधी ऐकून घ्या, मग वसूल करा. ऐकून न घेता फक्त वसुली कडक केलीत तर दोडामार्गच्या पिकअपवाल्यासारखे हजारो जण त्यात सापडतील.

आणि सूट बंद करा. दर जास्त वाटत असतील तर तिघांनी एकत्र बसून एकच दर ठरवा आणि तो कमी करायचा तर सगळ्यांसाठी, कायमचा कमी करा.

यातली निम्मी कामं आंतरराज्य बैठकीत एका दिवसात ठरू शकतात. चोर्ला घाटाच्या माथ्याशी तिन्ही राज्यांच्या सीमा जवळ येतात. बैठक तिथे, मुंबईत, पणजीत किंवा बेळगावात कुठेही घ्या, पण तिला सीमेवरचे चार वाहनचालक, दोन नाक्यांवरचे हवालदार आणि वाहतूक खटले चालवणारा एक वकील बोलवा. त्यांच्याकडे असलेली माहिती तुमच्या सचिवांच्या फायलीत नाही. मला बोलावलंत तर मी येईन, आणि त्या पिकअपच्या चलानाची प्रत, आरसी आणि फेटाळलेल्या तक्रारीचा कागद सोबत आणीन.

या पत्राच्या प्रती तिन्ही राज्यांच्या परिवहन आयुक्तांना स्वतंत्रपणे पाठवतो आहे. उत्तर मराठीत, कोकणीत किंवा कन्नडमध्ये आलं तरी चालेल.

आपला नम्र,
एक वाहनचालक-प्रशिक्षक
सावंतवाडी तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग